आधी कोणाचं नाव घ्यायचं?

एखाद्या गावच्या वाचनालयाची नोंदवही संगणकावर आणायची आहे असं धरू. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणवणाऱ्या बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत या कामाची सुरुवात वर्णनांनी होते. ‘पुस्तक’ म्हणजे काय, तर नाव, लेखक, दाखल क्रमांक आणि सध्या ते कोणाकडे आहे. ‘वाचक’ म्हणजे काय, तर नाव, वर्गणी आणि त्याने घरी नेलेली पुस्तकं. अशा वर्णनाला क्लास म्हणतात आणि त्यावरून मेमरीत प्रत्यक्ष तयार होणाऱ्या एकेका नगाला ऑब्जेक्ट. याच्या जोडीला इंटरफेस नावाचा आणखी एक प्रकार असतो. तो वस्तू कशी आहे हे सांगत नाही, तिच्याकडून काय अपेक्षित आहे एवढंच सांगतो. उदाहरणार्थ, ‘घरी देता येणारं’ या इंटरफेसची अट एवढीच की वस्तू नेल्याची नोंद करता आली पाहिजे आणि ती परत घेता आली पाहिजे. मग ते पुस्तक असो, दिवाळी अंक असो की सीडी. इथवर सगळं सरळ आहे. अडचण येते ती हे फाइलीत लिहून काढताना. ‘पुस्तक’ आधी लिहिलं तर त्यात ‘वाचक’ हे नाव येतं, आणि वाचकाचं वर्णन अजून खाली आहे. ‘वाचक’ आधी लिहिला तर तीच अडचण दुसऱ्या बाजूने. आधी कोणाला लिहायचं?

या साध्या प्रश्नाला प्रत्येक भाषा वेगळं उत्तर देते. सी प्लस प्लस अडून बसते. ज्याची ओळख करून दिलेली नाही ते नाव ती चालवून घेत नाही. जावाला क्लास कोणत्या क्रमाने लिहिलेत याच्याशी देणंघेणं नाही. पायथनमध्ये काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. पीएचपीत साधा क्लास खाली लिहून वर वापरता येतो, पण तो दुसऱ्या क्लासचा वारसा घेत असेल (म्हणजे त्याचं वर्णन उचलून त्यावर स्वतःची भर घालत असेल) किंवा एखादा इंटरफेस पाळत असेल, तर ज्याच्यावर तो विसंबला आहे ते आधी लिहावं असा तिथला नियम आहे. शिकणाऱ्याला हे सगळं लहरी वाटतं, आणि पुस्तकंही ‘असा नियम आहे’ एवढं सांगून पुढे जातात. माझ्या मते हे नियम लहरी नाहीत. त्यांत दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत अडकून बसले आहेत. पहिला प्रश्न वाचनाचा आहे: कम्पायलरने, म्हणजे आपण लिहिलेल्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, हे नाव आतापर्यंत पाहिलंय का? दुसरा अवलंबनाचा आहे: कोण कोणाच्या आधारावर उभं आहे? पहिला प्रश्न यंत्राचा आहे आणि तो यंत्रानेच सोडवला पाहिजे. दुसरा माणसाचा आहे. हे दोन प्रश्न एकच आहेत असं समजून चालल्यामुळे शिकणाऱ्यांचं नुकसान झालं आहे आणि भाषा घडवणाऱ्यांचंही.

सुरुवात झाली मेमरीच्या टंचाईतून. ग्रेस हॉपर यांनी १९५१-५२ मध्ये युनिव्हॅक या संगणकासाठी ए-झीरो हा कम्पायलर लिहिला, तेव्हा त्या यंत्राच्या मेमरीत एकेक आकडा किंवा दोन-दोन आज्ञा साठवणाऱ्या फक्त १,००० जागा होत्या. संपूर्ण प्रोग्राम एकदम समोर ठेवून बघणं शक्यच नव्हतं. टेपवरून तुकडा यायचा, त्याचं रूपांतर व्हायचं आणि तो पुढे जायचा. आधी होऊन गेलेल्या जागी उडी मारायची असेल तर तिचा पत्ता हातात असे. पण अजून न आलेल्या जागी उडी मारायची तर पत्ता कुठून आणायचा? हॉपर यांनी मेमरीच्या टोकाला थोडी जागा राखून ठेवली. पुढची उडी आधी त्या राखीव जागेत जायची, आणि खरं ठिकाण सापडलं की त्याचा पत्ता तिथे भरला जायचा. बास्केटबॉलमधल्या पासवरून आपल्याला हे सुचलं, असं त्यांनी १९७८ साली प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासावरच्या परिषदेत सांगितलं होतं. मला या गोष्टीतलं महत्त्वाचं वाटतं ते हे की, पुढे येणाऱ्या नावाचा आधीच उल्लेख करण्याची गरज अगदी पहिल्या पिढीतच लक्षात आली होती, आणि तो भार प्रोग्राम लिहिणाऱ्यावर न टाकता हॉपर यांनी तो कम्पायलरवर घेतला होता.

पुढच्या वीस वर्षांत मात्र हा भार बराचसा माणसाकडे सरकला. निकलाउस विर्थ यांनी झुरिकमध्ये घडवलेली पास्कल ही भाषा १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नियम स्पष्ट होता: वापरण्याआधी डिक्लेअर करा, म्हणजे नाव आधी जाहीर करा. त्यामुळे कम्पायलरला मजकूर वरून खाली एकदाच वाचून काम संपवता यायचं. कम्पायलर छोटा राहायचा आणि वेगाने चालायचा. दोन प्रोसीजर एकमेकींना बोलावत असतील तर ‘फॉरवर्ड’ हा शब्द लिहून एकीची नुसती आगाऊ घोषणा करावी लागे. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांची सी भाषा ज्या पीडीपी-११ यंत्रावर घडत होती, त्याची सुरुवातीची मेमरी २४ किलोबाइट होती. त्यातले १६ सिस्टिमला आणि ८ प्रोग्रामला. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही यात मावणार नाही. अशा जागेत एकाच फेरीत वाचून मोकळं होणं हीच शहाणपणाची गोष्ट होती, आणि त्या काळच्या भाषाकर्त्यांना आज दोष देणं अन्यायाचं होईल. १९८३ मध्ये बोर्लंड कंपनीने ४९ डॉलर ९५ सेंटला विकायला काढलेल्या टर्बो पास्कलचं यशही बरंचसं या एका फेरीच्या वेगावर उभं होतं. तो कम्पायलर लिहिणारे आंदर्स हेल्सबर्ग यांचं नाव लक्षात ठेवावं; ते पुढे पुन्हा येणार आहे.

सी प्लस प्लस ही भाषा ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी सीच्या पायावर उभी केली, त्यामुळे सीचा नियमही तिच्यात आला. आमच्या वाचनालयात ‘पुस्तक’ आणि ‘वाचक’ एकमेकांना ओळखतात, तेव्हा तिथे ‘क्लास वाचक;’ अशी एका ओळीची आगाऊ घोषणा वर करायची आणि मग ‘पुस्तक’ लिहायचं. या ओळीने कम्पायलरला काय कळतं? एवढंच की या नावाचा एक क्लास आहे. त्यात काय काय आहे, तो मेमरीत किती जागा घेतो, यातलं काहीच कळत नाही. तरीही तेवढ्यावर ‘पुस्तक’ लिहिता येतं, पण एका अटीवर. पुस्तकाच्या आत अख्खा वाचक ठेवता येणार नाही, वाचकाचा मेमरीतला पत्ता, म्हणजे पॉइंटर, ठेवता येईल. पोस्टाच्या पाकिटावर पत्त्याला लागणारी जागा तेवढीच असते, मग तो पत्ता एका खोलीचा असो की चौसोपी वाड्याचा, तसंच इथे. वाचकाचा आकार माहीत नसला तरी त्याच्या पत्त्याचा आकार ठरलेला असतो. पास्कलनेही ही सूट दिली होती: पॉइंटर अजून न आलेल्या प्रकाराकडे बोट दाखवू शकत असे.

या ठिकाणी जरा थांबायला हवं, कारण इथे दोन्ही प्रश्न एका ओळीत सापडतात. समजा आपण हट्टाने म्हटलं की पुस्तकाच्या आत अख्खा वाचक हवा आणि वाचकाच्या आत अख्खं पुस्तक हवं. मग पुस्तकाचा आकार किती? त्यात वाचक आहे, वाचकात पुन्हा पुस्तक आहे, त्यात पुन्हा वाचक. ही बेरीज कुठेच संपत नाही. कम्पायलरने मजकूर कितीही वेळा वाचला, मेमरी कितीही वाढवली, तरी असा ऑब्जेक्ट तयार होऊ शकत नाही. वारशाचंही तसंच. ‘संदर्भग्रंथ’ हा क्लास ‘पुस्तक’ या क्लासचा वारसा घेत असेल, तर पुस्तक काय आहे हे पूर्ण कळल्याशिवाय संदर्भग्रंथ पूर्ण होत नाही. आणि ‘पुस्तक’ने उलट ‘संदर्भग्रंथ’चा वारसा घेतला तर दोन्ही अधांतरी राहतात. क्रमाची बंधनं झुगारणारी जावासुद्धा असा वर्तुळाकार वारसा नाकारते, क्लासचा असो की इंटरफेसचा. म्हणजे ‘आधी’ या शब्दाचे दोन अर्थ झाले. फाइलीत आधी असणं हा योगायोग आहे, ओळी वरखाली केल्या की तो बदलतो. अर्थाने आधी असणं हा त्या वस्तूंमधला संबंध आहे आणि ओळी कितीही हलवल्या तरी तो बदलत नाही. सी प्लस प्लसमधली एरर वाचताना यातलं कोणतं दुखणं आहे हे कळत नाही, आणि विद्यार्थ्याची खरी कुचंबणा इथेच होते. एका ओळीच्या घोषणेने बरी होणारी चूक आणि मांडणीच मुळातून बदलावी लागेल अशी चूक, दोन्ही त्याला सारख्याच अनोळखी नावाच्या तक्रारीतून दिसतात.

वाचनाचा क्रम हा माणसाचा प्रश्न नव्हे, याचा सर्वात वजनदार पुरावा एका मोठ्या संगणकशास्त्रज्ञाच्या कामात आहे. गणिती मजकूर छापण्यासाठी जगभर वापरला जाणारा टेक् हा प्रोग्राम डोनाल्ड कनूथ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा नव्याने लिहिला, तोही पास्कलवर आधारून. पण पास्कल ज्या क्रमाने लिहायला लावते त्या क्रमाने तो माणसाला समजावून सांगता येत नव्हता. पास्कलला सगळ्या घोषणा आधी हव्यात आणि मुख्य काम शेवटी. माणसाला मुख्य कल्पना आधी हवी आणि तपशील गरज पडेल तसे. म्हणून त्यांनी वेब नावाची एक व्यवस्था तयार केली. आज आपण ज्याला वेब म्हणतो त्याच्याशी तिचा संबंध नाही. तिच्यात लेखक स्पष्टीकरणाच्या ओघात प्रोग्राम लिहितो. मग टँगल नावाचा प्रोग्राम त्याचे तुकडे पास्कलला हव्या त्या क्रमाने लावतो, आणि वीव्ह नावाचा प्रोग्राम त्याच मजकुरातून वाचायचं पुस्तक तयार करतो. १९८४ मध्ये त्यांनी या पद्धतीवर लेख लिहिला. एवढ्या खटाटोपाचं एक मोठं कारण सरळ होतं: यंत्राचा क्रम आणि वाचकाचा क्रम वेगळा आहे, आणि त्यांची अदलाबदल यंत्र करू शकतं. एकदा हे मान्य केलं, की घोषणेचा क्रम माणसावर लादण्याचं तांत्रिक समर्थन संपतं.

पुढच्या दशकात भाषाकर्त्यांनी तेच केलं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग यांच्या गटाने घडवलेली जावा १९९५ मध्ये लोकांसमोर आली. तिच्या कम्पायलरने आधी सगळ्या फाइलींमधली क्लास आणि इंटरफेसची नावं गोळा करायची आणि मग आत काय लिहिलंय त्याचा अर्थ लावायचा, अशी व्यवस्था ठेवली. आगाऊ घोषणा गेली, अशा घोषणा वेगळ्या ठेवणाऱ्या सी प्लस प्लसच्या हेडर फाइलीही गेल्या. आणि आता हेल्सबर्ग यांच्याकडे परत येऊ. १९९५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या डेल्फीत अजूनही क्लासची आगाऊ घोषणा करावी लागत होती. पण २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या त्यांच्या सी शार्पमध्ये क्लासचा आणि इंटरफेसचा क्रम पूर्णपणे मोकळा झाला. एका फेरीच्या कम्पायलरवर नाव कमावलेल्या माणसाने मेमरी स्वस्त झाल्याबरोबर ती अट सोडून दिली. जुन्या भाषाही आतून थोड्या सैल झाल्या होत्या. सी प्लस प्लसमध्ये एकाच क्लासच्या आतल्या फंक्शनना त्याच क्लासमध्ये खाली लिहिलेली नावं वापरता येतात, कारण त्यांचा मजकूर क्लास संपल्यावरच तपासला जातो.

इथे गोष्ट संपली असती तर हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. घोषणेचा क्रम गेला, पण क्रम गेला नाही. तो प्रोग्राम लिहिण्याच्या वेळेतून प्रोग्राम चालण्याच्या वेळेत सरकला. पायथनमध्ये क्लासचं वर्णन ही नुसती माहिती नसते, ती वरून खाली चालवली जाणारी आज्ञा असते. ती ओळ चालेपर्यंत त्या क्लासचं नावच अस्तित्वात नसतं. फंक्शनच्या आतली नावं ते फंक्शन बोलावलं जाईल तेव्हा शोधली जातात, म्हणून तिथे पुढचा क्लास वापरला तरी चालतं; पण वारसा ज्याच्याकडून घ्यायचा तो मात्र आधी तयार असावा लागतो. यात एक विचित्र अडचण निघाली. ‘पुस्तक’ क्लासच्या एखाद्या फंक्शनकडून ‘पुस्तक’च परत मिळतं, अशी नोंद त्या क्लासच्या आत करायची, तर ते नाव अजून जन्मालाच आलेलं नाही. लोक ते नाव अवतरणचिन्हात लिहून वेळ मारून नेत. २०१७ मध्ये यावर उपाय सुचवला गेला, तो २०१८ च्या आवृत्तीत ऐच्छिक म्हणून आला, आणि मग या नोंदी प्रोग्राम चालताना वाचणारी साधनं मोडतील म्हणून सक्तीचा करणं लांबणीवर पडलं. शेवटी वेगळ्याच पद्धतीने, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.१४ आवृत्तीत, ही गाठ सुटली. दिसायला एवढीशी अडचण, पण जगातल्या सर्वात लोकप्रिय भाषांपैकी एकीला ती सोडवायला आठ वर्षं लागली. जावास्क्रिप्टची गोष्ट याला समांतर आहे. तिच्यात साधं फंक्शन खाली लिहून वर वापरता येतं. २०१५ मध्ये क्लास आले तेव्हा त्यांना ही सवलत दिली नाही, कारण तिथे वारसा कोणाचा हे प्रोग्राम चालताना हिशेब करूनही ठरवता येतं, आणि तो हिशेब त्याच्या जागीच व्हायला हवा.

जावातही ही सरकलेली अडचण सापडते, आणि तिथे ती जास्त धोक्याची आहे. क्लास कोणत्याही क्रमाने लिहा, पण क्लासच्या स्वतःच्या, म्हणजे स्टॅटिक, आकड्यांना सुरुवातीची किंमत वरून खाली, लिहिलेल्या क्रमानेच मिळते. वाचनालयाच्या क्लासमध्ये वर ‘कमाल दंड’ लिहिला आणि खाली ‘रोजचा दंड दोन रुपये’ असा बदलता येणारा आकडा लिहिला, तर कमाल दंडाच्या ओळीत खालचं नाव थेट वापरल्यास कम्पायलर हरकत घेतो. तेच गणित एका वेगळ्या फंक्शनमध्ये टाकून बोलावलं तर हरकत निघत नाही. प्रोग्राम चालतो, रोजच्या दंडाला अजून किंमत मिळालेली नसते म्हणून तो शून्य धरला जातो, आणि कमाल दंड शून्य रुपये होतो. कुठेही एरर नाही. दोन क्लास सुरुवातीलाच एकमेकांकडून किंमत मागत असतील, तर ज्याला आधी हात लागेल त्यावर उत्तर ठरतं. आणि दोन थ्रेडनी, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या सोबत चालणाऱ्या दोन धाग्यांनी, एकाच वेळी दोन टोकांनी सुरुवात केली तर दोघंही एकमेकांची वाट पाहत कायमचे थांबू शकतात. सी प्लस प्लसमध्ये वेगवेगळ्या फाइलींतल्या अशा ऑब्जेक्टांपैकी आधी कोणता तयार होईल हे भाषेने ठरवूनच दिलेलं नाही. कालपर्यंत नीट चालणारा प्रोग्राम फाइली जोडण्याचा क्रम बदलला म्हणून कोसळू शकतो. नाव माहीत नाही म्हणून आधीच थांबणारा कम्पायलर या सगळ्यापेक्षा किती प्रामाणिक होता, असं वाटू लागतं.

आणि नेमक्या याच जागी माझ्या म्हणण्यावरचा सर्वात गंभीर आक्षेप उभा आहे. एफ शार्प ही डॉन साइम यांची भाषा २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधन केंद्रातून आली, म्हणजे जावा आणि सी शार्प यांच्यानंतर. तरीही तिने क्रमाची सक्ती जाणूनबुजून ठेवली. तिच्यात ओळींचाच नव्हे, फाइलींचाही क्रम ठरवून द्यावा लागतो. खालची फाइल वरच्या फाइलीचा आधार घेऊ शकते, वरची खालच्या फाइलीचा नाही. या भाषेत काम करणारे म्हणतात की यामुळे प्रोग्राम वरून खाली वाचता येतो आणि एकमेकांत गुंतलेले क्लास मुळात तयारच होत नाहीत. यात खरेपणा आहे. आमचंच उदाहरण घ्या. ‘पुस्तक’ला ‘वाचक’ हवा आणि ‘वाचक’ला ‘पुस्तक’ हवं, ही गुंतागुंत एका ओळीच्या घोषणेने दडपण्याऐवजी सक्तीने सोडवायची म्हटली तर आपण काय करू? कोणत्याही ग्रंथपालाला विचारलं तर तो सांगेल की कोणतं पुस्तक कोणाकडे आहे ही माहिती पुस्तकावर नसते आणि वाचकाच्या कार्डापुरतीही नसते. ती देवघेव विभागाच्या नोंदीत असते. मग ‘देवघेव’ नावाचा तिसरा क्लास करायचा, त्यात पुस्तक, वाचक, नेल्याची तारीख आणि परतीची तारीख ठेवायची. आता पुस्तकाला वाचक माहीत असण्याची गरज नाही आणि वाचकाला पुस्तक. परतीच्या तारखेला आधी घरच नव्हतं, तेही मिळालं. क्रमाच्या अडचणीने इथे मांडणीतला खरा दोष दाखवून दिला.

तरीही सक्तीच्या बाजूने निकाल द्यायला मी तयार नाही. याचं कारण असं की ‘देवघेव’ सुचली ती अवलंबनाचा विचार केल्यामुळे, ओळींच्या क्रमामुळे नव्हे. ओळींचा क्रम हा त्या विचाराचा वाईट पहारेकरी आहे. तो निर्दोष माणसाला अडवतो: एकमेकांत काहीही गुंतागुंत नसलेले दोन क्लास केवळ उलटे लिहिले म्हणून एरर येते. आणि दोषी माणसाला सोडून देतो: सी प्लस प्लसमध्ये कितीही गुंतलेले क्लास असोत, वर एक ओळ लिहिली की त्याचं तोंड बंद. एफ शार्पचा पहारा नक्कीच जास्त कडक आहे, पण एकमेकांवर खरोखर अवलंबून असलेल्या प्रकारांसाठी तिथेही दोघांना एकाच घोषणेत जोडून लिहायची सोय पहिल्यापासून ठेवावी लागली, आणि २०१७ मध्ये तर एका फाइलीतला अख्खा गट परस्परावलंबी म्हणून जाहीर करण्याची मुभाही आली. काही गोष्टी मुळातच परस्परांवर अवलंबून असतात. झाडाची फांदी आणि तिच्या उपफांद्या, वाक्य आणि त्यातलं उपवाक्य अशा रचना लिहिताना वर्तुळ हा दोष नसून विषयाचा स्वभाव असतो.

बरोबर वाटणी कशी करावी याचं आजवरचं सर्वात चांगलं उत्तर मला गो या भाषेत दिसतं. गूगलमध्ये रॉबर्ट ग्रीसेमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी घडवलेली ही भाषा २००९ मध्ये जाहीर झाली. यातले थॉम्प्सन म्हणजे २४ किलोबाइटच्या त्या पीडीपी-११ वर युनिक्स उभी करणाऱ्यांपैकी एक, त्यामुळे जुन्या अटी कुठून आल्या हे त्यांना इतरांकडून ऐकायची गरज नव्हती. गोमध्ये क्लास नाहीत, पण प्रकार आणि इंटरफेस आहेत. एका पॅकेजच्या, म्हणजे एकत्र ठेवलेल्या फाइलींच्या गटाच्या, पातळीवरच्या घोषणा तुम्ही कोणत्याही क्रमाने लिहा. सुरुवातीच्या किमतीसुद्धा कोणाला कोणाची गरज आहे हे बघून भाषा स्वतः योग्य क्रमाने भरते. आमचा कमाल दंड फंक्शनमधून काढला तरी तिथे शून्य झाला नसता. पण दोन पॅकेजनी एकमेकांचा आधार घेतला तर कम्पायलर ते नाकारतो, आणि ही बंदी कोणत्याही जादूच्या ओळीने उठत नाही. वाचनाचा क्रम पूर्ण मोकळा, मोठ्या भागांच्या अवलंबनाचा क्रम पूर्ण कडक. शिवाय, एखादा प्रकार अमुक इंटरफेस पाळतो असं तिथे लिहावंच लागत नाही. अपेक्षित कामं त्याला येत असतील तर तो पाळतो. त्यामुळे इंटरफेस प्रकारानंतर, दुसऱ्या पॅकेजमध्ये, दुसऱ्या माणसानेही लिहिलेला चालतो.

इंटरफेसचं खरं मोल इथे कळतं. वाचनालयाचा प्रोग्राम उशीर झालेल्या वाचकाला आठवण पाठवतो. त्यासाठी ‘देवघेव’ने थेट ‘एसएमएस सेवा’ हा क्लास वापरला, तर आपली नियमांची गाभ्याची मांडणी एका बदलत्या तपशिलावर विसंबून राहते. त्याऐवजी ‘देवघेव’च्या शेजारी ‘निरोप पोचवणारा’ असा इंटरफेस ठेवला आणि एसएमएस सेवेने तो पाळला, तर अवलंबनाची दिशा उलटते: आता तपशील गाभ्यावर विसंबतो. उद्या व्हॉट्सॲपवर निरोप पाठवायचा झाला तर देवघेवीला हात लावावा लागत नाही. कोणता निर्णय कोणत्या भागात लपवायचा यावर डेव्हिड पार्नास यांनी १९७२ पासून लिहिलं, आणि ही उलटी दिशा रॉबर्ट मार्टिन यांनी १९९० च्या दशकात तत्त्व म्हणून मांडली. क्लास आणि इंटरफेस यांच्या क्रमाबद्दल विचार करायचा तो या पातळीवर. कोण वरच्या ओळीवर आणि कोण खालच्या, यावर नाही.

कोणी म्हणेल की आजच्या प्रोग्रामरला यातलं काही जाणून घ्यायची गरजच उरली नाही. पीएचपीत २००४ पासून ऑटोलोड आहे. माहीत नसलेल्या क्लासचं किंवा इंटरफेसचं नाव आलं की ठरवून दिलेलं फंक्शन ती फाइल शोधून आणतं. २०१३ मध्ये क्लासच्या नावावरून फाइलीचा मार्ग कसा काढायचा याचा सर्वमान्य संकेत ठरला, आणि तेव्हापासून एका फाइलीत एक क्लास लिहिणारा पीएचपी प्रोग्रामर क्रमाचा विचार क्वचितच करतो. ही सोय चांगलीच आहे. यंत्राचा प्रश्न यंत्राने सोडवल्याचंच ते उदाहरण आहे. पण ऑटोलोड फाइल शोधतो, गुंता सोडवत नाही. उलट, पूर्वी ज्या गुंत्यात पाऊल टाकताना एरर येऊन निदान थांबवत असे, तो आता शंभर फाइलींमध्ये निमूटपणे वाढत राहतो आणि वर्षभराने एक क्लास बदलायला गेलं की वीस क्लास हलतात. सोय जितकी वाढली तितकं अवलंबनाकडे स्वतःहून बघणं जास्त गरजेचं झालं आहे.

म्हणून शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. महाराष्ट्रात बारावीच्या संगणकशास्त्रात अनेक वर्षं सी प्लस प्लस शिकवली गेली, आणि अभियांत्रिकीत तिच्यापाठोपाठ जावा व पायथन येतात. म्हणजे आपल्या मुलांना क्रमाची सक्ती करणारी, क्रम सोडून देणारी आणि क्रम चालण्याच्या वेळेत नेणारी, अशा तिन्ही तऱ्हांच्या भाषा तीन-चार वर्षांत भेटतात, पण त्यांची तुलना सहसा कुणी समोर ठेवत नाही. ‘पुस्तक’ आणि ‘वाचक’ हे दोनच क्लास वर्गात तिन्ही भाषांत लिहून घ्या. कुठे अडलं, का अडलं, आगाऊ घोषणेने काय सुटलं आणि काय सुटलं नाही, हे मुलांना बोलू द्या. मग ती आगाऊ घोषणा काढून टाका आणि तिच्याशिवाय काम करायला सांगा. वर्गातलं कोणी ना कोणी ‘देवघेव’पर्यंत पोचेलच.